बाजाची पेटी शिकताना 'सा' कोठे धरावा?



आपल्या पुष्कळ प्राथमिक शाळांच्या डेडस्टॉक रजिस्टरात 'हार्मोनियम, १ नग' अशी एक नोंद आढळते. हा नग बहुधा कपाटाच्या माथ्यावर, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, एखाद्या जुन्या चादरीत बांधून ठेवलेला असतो. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली म्हणजे तो खाली उतरतो, भजनी मंडळातील कोणी जाणते गृहस्थ येऊन तो वाजवतात, आणि कार्यक्रम आटोपला म्हणजे चादरीची गाठ पुन्हा बसते. ते गृहस्थ परगावी गेले असतील त्या वर्षी तो खाली उतरतही नाही. कविता आणि गीते हे खालच्या वर्गांचे रोजचे अन्न असताना शाळेतील सुराचे एकुलते एक साधन असे निजून राहावे, याला शिक्षकांची अनास्था कारण आहे असे मला वाटत नाही. 'हे आपल्याला यावयाचे नाही. त्याला उपजत अंग लागते,' ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

ही समजूत मी स्वतः वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत बाळगली होती. त्यानंतर गावातील एका भजनी बुवांकडे बसून मी पेटी शिकलो. मैफलीत साथ करण्याइतकी विद्या मला आली नाही व येणारही नाही. परंतु वर्गापुरती पेटी कोणाही शिक्षकास वर्ष-दीड वर्षात येऊ शकते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. मात्र ती शिकताना एक गोष्ट राहून गेली तर आलेल्या पेटीपासून मुलांना लाभापेक्षा उपद्रवच अधिक होतो. ती गोष्ट म्हणजे 'सा' हलवता येणे. माझ्या बाबतीत ती राहून गेली होती, आणि तिची किंमत एका मुलाने दिली. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

पेटीवर हात बसू लागून चार महिने झाले असतील. परिपाठाच्या वेळी आमच्या शाळेत एक प्रार्थना म्हटली जात असे. ती मी पेटीवर बसवली आणि मोठ्या उत्साहाने इयत्ता चौथीच्या वर्गाकडून म्हणवून घेऊ लागलो. तिची चाल खालच्या 'प' पर्यंत उतरत होती. वर्गात एक मुलगा होता, अंगाने किरकोळ पण आवाजाने मोठा. बाकीची मुले खाली जात त्या ठिकाणी हा वर कोठेतरी निराळाच सूर धरी, आणि तोही मोठ्याने. दोन-तीन दिवस मी खुणा करून पाहिले. चौथ्या दिवशी पालकांची सभा होती, म्हणून मी त्याला जवळ बोलावून म्हटले, 'बाळ, तू नुसते ओठ हलव. गाऊ नकोस.' त्याने मान डोलावली. सभा चांगली झाली.

पुढे पंधरा दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, हा मुलगा आता कविताही मोठ्याने म्हणत नाही. प्रकट वाचनाची पाळी आली की पुस्तक तोंडासमोर धरून कुजबुजतो. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, 'गुरुजी, माझा आवाज खराब आहे.' हे त्याला मीच शिकवले होते.

ही चूक कशी घडली हे समजण्यासाठी पेटीची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे.

हार्मोनियम हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४२ साली या नावाच्या वाद्याचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवून वाजवावयाचे होते. आपल्याकडे बैठक जमिनीवरची. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी प्रचारात आणली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी आणि कीर्तन-भजनांनी ती गावोगाव पोहोचवली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंतांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच होत.

पेटीच्या आत पितळी सुरांच्या ओळी बसवलेल्या असतात. प्रत्येक सूर म्हणजे एका चौकटीत एका टोकास जखडलेली पातळ पितळी जीभ. पट्टी दाबली की तिच्याखालचे भोक उघडते, भात्यातील वारा त्या जिभेवरून जातो व ती थरथरू लागते. जीभ लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा. प्रत्येक पट्टीचा सूर असा कारखान्यातच ठरून गेलेला असतो. वाजवणाऱ्याला तो तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे चढवता-उतरवता येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, जिला मींड म्हणतात ती क्रियाही पेटीत होत नाही. या व अशाच उणिवांवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बंदी केली होती, आणि ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. वाद जाणकारांचा होता व आक्षेप अगदीच निराधार नव्हते. परंतु प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने पेटीचा हा दोष बराचसा गुणच ठरतो. सूर ठरलेला असल्यामुळे नवशिक्याची पट्टी बेसूर लागू शकत नाही. चुकीची पट्टी दाबली जाईल, ही गोष्ट निराळी.

आता पट्ट्यांकडे पाहा. दोन काळ्या, तीन काळ्या, दोन काळ्या, तीन काळ्या असे त्यांचे गट दिसतात. दोन काळ्यांच्या गटाच्या लगतच डावीकडे जी पांढरी पट्टी, ती 'पांढरी एक'. तेथून उजवीकडे मोजत गेले की पांढऱ्या सात व काळ्या पाच अशा बारा पट्ट्यांचे एक सप्तक होते आणि मग पुन्हा 'पांढरी एक' येते. पांढरी तीन व पांढरी चार यांच्यामध्ये, तसेच पांढरी सात व पुढची पांढरी एक यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, हे डोळ्यांत भरून ठेवावे. भजनी मंडळातले लोक 'बुवा काळी दोनमध्ये गातात' असे म्हणतात, तेव्हा 'काळी दोन या पट्टीवर त्यांचा सा असतो' एवढाच त्याचा अर्थ.

बुवांकडे पहिल्या दिवशी मी मोठ्या उमेदीने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, तो त्यांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. 'गुरुजी, आधी भाता,' ते म्हणाले. पुढचे बारा दिवस मी एकच पट्टी दाबून नुसता भाता ओढत होतो. हे मला त्या वेळी अपमानास्पद वाटले. आज मी दुसऱ्या कोणाला शिकवू लागलो तर हेच करीन. भाता हा पेटीचा श्वास आहे. तो धसमुसळेपणाने ओढला की सूर ओरडतो, मध्येच थांबला की सूर मरगळतो. डाव्या हाताची बोटे भात्याच्या कडेवर हलकी ठेवून, भाता पुरता न उघडता, पुरता न मिटता, दार लोटावे तसा सावकाश हलवावा. पुढच्या बाजूस खुंट्या असतात, त्यांना वादक 'स्टॉप' म्हणतात. त्यांतील एक तरी ओढून वाऱ्याला वाट केल्याशिवाय भाता हलवू नये. परीक्षा अशी करावी: एक पट्टी दाबून मनात सोळा आकडे मोजावेत. आवाज पहिल्या आकड्याला जसा होता तसाच सोळाव्याला असला पाहिजे. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला भाता केव्हा मागे आला हे ओळखता येऊ नये.

यानंतर बोटे. पांढरी एकवर सा धरला तर सर्व शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. म्हणूनच बहुतेकांचा आरंभ येथून होतो. सा वर अंगठा, रे वर तर्जनी, ग वर मध्यमा. मग अंगठा बोटांखालून सरकवून म वर, प वर तर्जनी, ध वर मध्यमा, नी वर अनामिका आणि वरच्या सा वर करंगळी. उतरताना हाच क्रम उलट. अंगठा बोटांखालून नेण्याच्या जागी हात उचलला जातो व सूर तुटतो. तेवढीच जागा दहा-वीस वेळा घोटावी. एका तर्जनीने सर्व पट्ट्या वेचत जाणारे वादक आपण पाहतो. त्यांना गाणे वाजवता येते, परंतु लय थोडी वाढली की त्यांची दमछाक होते. बोटांची सवय पहिल्या महिन्यात लागते ती जन्मभर राहते, एवढ्यासाठीच या बारकाव्याचा आग्रह.

आरोह-अवरोह बसल्यावर अलंकार घ्यावेत: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसा, मग सारेगम, रेगमप, मग सासा, रेरे, गग. यांची पुस्तके बाजारात मिळतात, म्हणून येथे यादी देत नाही. एकच सूचना आहे व ती महत्त्वाची आहे. प्रत्येक अलंकार वाजवण्यापूर्वी तोंडाने म्हणावा, वाजवताना म्हणावा, आणि मग पट्ट्यांवरून हात काढून नुसता म्हणून पाहावा. आपला आवाज चांगला नाही ही सबब येथे चालावयाची नाही. हे गाणे कोणाला ऐकवण्यासाठी नसून कानाच्या तपासणीसाठी आहे. पट्टीने सूर सांगितल्यावर तो ओळखणे सोपे. सूर मनात उठल्यावर पट्टी सापडणे, ही खरी विद्या. रोज वीस मिनिटे पुरतात. परंतु ती रोज द्यावीत; रविवारी एकदम दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

आणि येथेच आडवाट लागते. गाणे लवकर वाजावे अशी घाई सर्वांनाच असते. मग कोणी पट्ट्यांवर खडूने किंवा कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून आकडे घालतो, आणि वहीत गीताच्या अक्षरांखाली ते आकडे उतरवून घेतो. दोन आठवड्यांत गीत वाजू लागते! मीही हेच केले होते. हल्ली फोनवर कोणत्या पट्टीनंतर कोणती दाबावी हे दाखवणाऱ्या चित्रफिती मिळतात. त्यांचीही जात हीच. यात आपण गीत शिकत नाही, बोटांच्या जागा पाठ करतो. ज्या पट्टीवर ते पाठ केले त्या पट्टीवरून ते तसूभरही हलवता येत नाही.

पालकसभेनंतर काही दिवसांनी बुवा काही कामाने शाळेत आले. परिपाठ चालू होता. ते व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. मुले वर्गात गेल्यावर ते म्हणाले, 'गुरुजी, पोरं विहिरीत उतरून गातायत. सूर वर काढा.'

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला नाही. लागला तेव्हा मी खजील झालो. प्रार्थनेची चाल खालच्या 'प' पासून मधल्या 'ध' पर्यंत होती. माझा सा मधल्या सप्तकाच्या पांढरी एकवर. म्हणजे चालीचा तळ खालच्या सप्तकातील पांढरी पाचवर जात होता. तेथे नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा आवाज पोहोचतच नाही. बहुतेक मुले त्या ठिकाणी नुसती गुरगुरत होती, आणि गुरगुर सर्वांची एकसारखी असल्यामुळे मला ती सुरेल भासत होती. तो एकटा मुलगा गाण्याचा प्रयत्न करीत होता. खाली सूर सापडत नाही म्हणून तो वर जाऊन शोधत होता, आणि त्यालाच मी गप्प केले होते.

मुलांच्या गळ्याची मर्यादा अशी धरावी. खर्जाची खुंटी बंद ठेवून, वादक ज्यांना नर सूर म्हणतात त्यांवर पाहिले असता, मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकाच्या पांढरी एकपर्यंत, फार तर त्यापुढे पांढरी दोनपर्यंत, तिसरी-चौथीच्या मुलांचा आवाज साधारणपणे सुखाने फिरतो. पहिली-दुसरीत हा पल्ला आणखी आखूड, म्हणजे पाच-सहा स्वरांचाच असतो. प्रौढ पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजाहून सुमारे एक सप्तक खाली असतो. शिक्षक आपल्या जागी गाऊ लागले की जाणती मुले आपोआप एक सप्तक वर गातात. परंतु लहान मुले गुरुजींची हुबेहूब नक्कल करू पाहतात व घसा दाबून खोल आवाज काढतात. शिक्षिकांचा आवाज मुलांच्या आवाजाला जवळचा असल्याने त्यांच्या वर्गात ही अडचण कमी येते.

तेव्हा नियम असा की, सा आपल्या बोटांच्या सोयीने धरावयाचा नाही. गीतातला सर्वांत खालचा स्वर कोणता आणि सर्वांत वरचा कोणता हे प्रथम पाहावयाचे, आणि ती दोन्ही टोके मुलांच्या पल्ल्यात बसतील अशा बेताने सा ठेवावयाचा. एखादे गीत सा पासून वरच्या सा पर्यंतच जात असेल तर पांढरी एक किंवा काळी एक ठीक. आमच्या प्रार्थनेसारखे गीत खालच्या प पर्यंत उतरत असेल तर सा पांढरी चारवर नेला पाहिजे. मग खालचा प मधल्या सप्तकाच्या पांढरी एकवर येतो, मधला ध वरच्या सप्तकाच्या पांढरी दोनवर, आणि सबंध चाल मुलांच्या हाती लागते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत खालच्या सप्तकातील स्वराखाली टिंब आणि वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब असते; त्यामुळे गीत स्वरलिपीत लिहिलेले असेल तर ही दोन टोके क्षणात सापडतात. आकडे लिहून घेतलेल्या वहीत ती सापडत नाहीत. पलुस्करांच्या पद्धतीची चिन्हे थोडी निराळी आहेत; जी पुस्तके हाताशी असतील त्यांतील खुणांचे पान आधी वाचावे.

सा हलवावयाचा कसा? याला पाठांतर नको, मोजणी पुरे. कोणतीही पट्टी आणि तिची लगतची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी, यांतील अंतर एक पायरी समजा. सा ते रे दोन पायऱ्या, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नी दोन, नी ते वरचा सा एक. बेरीज बारा. हे माप हातात घेऊन कोणत्याही पट्टीवर उभे राहावे, सप्तक सापडते. पांढरी चारवरून मोजून पाहा: पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सहा, मग म साठी काळी पाच, आणि पुढे वरच्या सप्तकातील पांढरी एक, दोन, तीन व चार. सबंध सप्तकात काळी पट्टी एकच. बोटे अशी: अंगठा, तर्जनी, मध्यमा, आणि काळी पाचवर अनामिका, तेथून अंगठा प वर, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका.

आता काळी एकवरून मोजा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी एक आणि वरची काळी एक. कागदावर हे भयंकर दिसते. प्रत्यक्षात तर्जनीने आरंभ करून मध्यमा, मग ग च्या पांढऱ्या पट्टीवर अंगठा, पुन्हा तर्जनी, मध्यमा, अनामिका, आणि नी च्या पांढऱ्या पट्टीवर अंगठा, असा हात टाकला की तो पांढरी एकपेक्षाही सुखाने बसतो. कारण लांब बोटे वर उचललेल्या काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा खालच्या पांढऱ्यांवर, अशी विभागणी आपोआप होते. एरवी अंगठा काळ्या पट्टीवर शक्यतो नेऊ नये.

मोजणीचा हा खेळ मुलांना फार आवडतो. पाचवीच्या मुलांना मी एकदा सांगितले की, काळी तीनला सा माना आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. काळी तीन, चार, पाच आणि पुढच्या सप्तकातील काळी एक व दोन, असे सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर होतात, आणि तोच भूप राग. पाच काळ्या पट्ट्यांवर सबंध भूप उभा राहतो हे पाहून मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही. गणिताच्या तासाला अंतरे मोजण्याचा कंटाळा करणाऱ्यांनीही त्या दिवशी म आणि नी का गळाले हे पायऱ्या मोजून मला सांगितले. मात्र तेथे भूपातले एखादे गीत वरच्या सा पर्यंत म्हणू गेलात तर मुलांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जातील. काळी तीन ही बोटांना खेळण्यासाठी. गाताना सा खाली आणावा.

बुवांचे बोलणे ऐकल्यानंतर पांढरी चारवर हात बसवण्यास मला जवळजवळ दोन महिने लागले. आकड्यांची वही बंद केली. पहिल्या आठवड्यात नुसते आरोह-अवरोह, मग तेच जुने अलंकार नव्या जागेवर, मग प्रार्थनेची एक-एक ओळ. म आला की बोट हटकून पांढरी सातवर पडे, आणि कान सांगे की चुकले. पूर्वी कान असे सांगत नव्हता. याचाच अर्थ काही तरी शिकणे चालू होते.

दरम्यान मी त्या मुलाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. गा म्हटले तर तो गाईना. त्याच्या घरी शेळ्या होत्या. मी विचारले, 'शेळ्या लांब गेल्या तर हाळी कशी देतोस?' तो लाजला. मग दाराबाहेर पाहत त्याने एक लांब हाळी दिली. मी पेटीवर ती शोधली. पांढरी सहाच्या अगदी जवळ. ती पट्टी मी दाबून धरली आणि त्याला पुन्हा हाळी द्यावयास सांगितले. तिसऱ्या वेळी त्याची हाळी आणि पेटी यांच्यात कोठे फट उरली नाही. सा पांढरी चारवर धरला तर पांढरी सहा हा त्याचा ग होतो, आणि आमच्या प्रार्थनेची पहिली ओळ ग वरूनच उठत होती. 'याच हाळीवर पहिला शब्द म्हण,' मी म्हटले. त्याने म्हटला. पुढचे शब्द आपोआप आले, पहिल्याने थोडे डगमगत, मग सरळ. खालच्या प ला पोहोचला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. सूर लागला होता.

हे एक मूल म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मी जाणतो. सूर न सापडणारी मुले निरनिराळ्या कारणांची असतात. एखाद्याला ऐकू कमी येत असते, आणि अशा मुलाला सुरापूर्वी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. तरीही 'याला गाता येत नाही' असे ठरवण्यापूर्वी आपण त्याच्या सुरापर्यंत एकदा चालत जावे. पेटीचा सूर देऊन 'येथे ये' म्हणण्याऐवजी मुलाचा सूर पेटीवर शोधावा आणि तेथून एक-एक पायरीने त्याला हव्या त्या जागी आणावे. कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने.

वर्गात पेटी वाजवण्याविषयी थोडे. मुले गात असताना सबंध चाल त्यांच्याबरोबर मोठ्याने वाजवीत राहणे हा आपला नेहमीचा प्रमाद. त्यामुळे मुलांचे गाणे आपल्याला ऐकू येत नाही आणि मुलांना एकमेकांचे येत नाही. आरंभी सा आणि प दाबून सूर द्यावा, ओळ एकदा वाजवून दाखवावी, मग भाता थांबवून मुलांना ती म्हणू द्यावी. ओळ संपताच सा दाबून पाहावा. मुले होती तेथेच असतील तर पेटी आणि वर्ग जुळतात. खाली उतरली असतील तर ते लगेच कळते. खाली उतरणे हे सकाळच्या गारव्यात, थकवा आल्यावर, किंवा सा उंच धरल्यामुळे होते. त्याबद्दल रागावू नये, पुढच्या वेळी सा अर्धी-एक पायरी इकडे-तिकडे करावा, असे मी लिहिणार होतो, परंतु अर्धी पायरी पेटीत नाही, एकच करावी. फोनवरचा तंबोरा लावणाऱ्यांनी आधी तो पेटीशी जुळवून पाहावा. शाळेतील जुनी पेटी फोनच्या सुराहून थोडी चढी किंवा उतरी असते, आणि दोन्ही एकदम लावली तर मुलांनी कोणाचे ऐकावे हा प्रश्न पडतो.

पेटीच्या निगेत मुख्य शत्रू दोन: उंदीर आणि ओल. भात्याचे कातडे व कागद उंदरांना प्रिय असतात, आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. जून ते सप्टेंबर पेटी जमिनीवर व भिंतीला टेकून ठेवू नये. आठवड्यातून दोनदा तरी वाजवावी, वाजती पेटी सहसा बिघडत नाही. एखादा सूर गप्प झाला तर बहुधा पितळी जिभेखाली कचऱ्याचा कण अडकलेला असतो. तो टाचणीने उकरण्याचा मोह टाळावा. जीभ किंचित खरवडली गेली तरी तिचा सूर बदलतो व तो पुन्हा जुळवणे हे कारागिराचे काम आहे.

आमच्या शाळेच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वर्षभरात म्हटली जाणारी सर्व गीते ओळीने लिहिलेली असून प्रत्येकापुढे त्याचा तळचा स्वर, माथ्याचा स्वर आणि 'सा' ची पट्टी, अशा तीन नोंदी आहेत. बदलून येणाऱ्या शिक्षकांना तो उपयोगी पडतो. पहिल्या ओळीत ती प्रार्थना आहे, आणि तिच्यापुढे 'पांढरी चार' हे शब्द त्या मुलाच्या अक्षरात आहेत. लिहिण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले होते.